इंदापूरची साखळी, सुप्याचा जाळ

तेहतीस फुटांची एक लोखंडी साखळी घ्या. तिचे सोळा भाग करा आणि प्रत्येक भागाला आणा म्हणा. ही साखळी उभी टाकली, आडवी टाकली, की जो चौकोन उमटतो तो एक गुंठा, १,०८९ चौरस फुटांचा. असे चाळीस गुंठे मिळून ४३,५६० चौरस फूट होतात, म्हणजे बरोबर एक एकर. अपूर्णांक कुठेच उरत नाही. बारामतीच्या कोर्टात बांधाचा दावा चालवणारा नवा वकील भूमी अभिलेख कार्यालयातून जुनं टिपण काढतो, तेव्हा त्यावर त्याला हीच साखळी-आण्यांतली मापं दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती जमिनीची किंमत वाटते. ती असते लांबी.

वकिली करणाऱ्याला देशाचे कुठले कायदे आलेच पाहिजेत, याची यादी कुठल्याही लॉ कॉलेजात मिळते: संविधान, दिवाणी प्रक्रिया, पुरावा, मुदत, नोंदणी, मालमत्ता हस्तांतरण, वारसा. विषयवार, परीक्षेच्या क्रमाने. मला विलक्षण वाटतं ते हे, की यातले बहुतेक कायदे बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या मातीत एकमेकांना चिकटलेले सापडतात, आणि कुठला कशामुळे आला तेही तिथेच दिसतं. काही तर इथल्याच घटनांमुळे जन्मले.

पेशवाई १८१८ साली बुडाली आणि दख्खनचा मुलूख कंपनीच्या हाती आला. सारा किती घ्यायचा, हा पहिला प्रश्न. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने विलायतेतल्या ताज्या अर्थशास्त्राला अनुसरून हिशोब मांडला: शेताचं एकूण उत्पन्न, त्यातून लागवडीचा खर्च वजा, उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारचे. कागदावर हे फार देखणं होतं. पण प्रत्येक शेताचं निव्वळ उत्पन्न सांगणार कोण? हाताखालचे कारकून. त्यांनी काय सांगितलं असेल, हे महसूल खात्याशी ज्याचा कधी संबंध आला आहे त्याला समजावून सांगायला नको. सारा झेपेना, जमिनी पडीक पडू लागल्या, कुणबी गाव सोडू लागले.

इंदापूर तालुक्यात हे दुरुस्त करायला दोघे आले: गोल्डस्मिड हा सनदी नोकर आणि विन्गेट हा लष्करी इंजिनिअर. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. शेत मोजायचं, त्याला नंबर द्यायचा, हद्दीला खुणा करायच्या, मातीची प्रत ठरवायची. पावणेदोन हात खोल एकसारखी काळी माती असली तर सोळा आणे. खोली कमी झाली, चुनखडी किंवा उतार निघाला, की आणे उतरत जायचे, अशा नऊ प्रती. मग पूर्वी गावाने प्रत्यक्षात काय भरलं ते पाहून दर ठरवायचा आणि तो ३० वर्षं हलवायचा नाही. १८३६ साली ही आकारणी इंदापुरात लागू झाली. १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम बांधले गेले आणि ती मुंबई इलाखाभर, पुढे वऱ्हाडात आणि म्हैसूरपर्यंत गेली. सातबाऱ्यावरचा सर्व्हे नंबर, आकार, पोटखराबा हे सगळं या पद्धतीतून आलेलं. मालोजीराजांच्या गढीसाठी इंदापूर प्रसिद्ध आहे, ते ठीकच. पण देशाच्या मोठ्या भागाच्या जमीनदप्तराचा पाया या तालुक्यात घातला गेला, हे तिथल्या शाळांत शिकवायला हवं असं मला वाटतं.

इथेच वकिलाने लक्षात ठेवायची पहिली गोष्ट दडली आहे. हे दप्तर साऱ्यासाठी तयार झालं, मालकी ठरवण्यासाठी नव्हे. म्हणूनच आजही फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला पुन्हापुन्हा सांगावं लागतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नोंद खरी धरून चालते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकी जाते ती नोंदवलेल्या खरेदीखताने. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकायची तर दस्त नोंदवावाच लागतो. तो शंभराचा आकडा आजही तोच आहे! शंभर रुपयांत आता बांधावरचा दगडही येणार नाही.

बांध कोरला, वाट अडवली, पाटाचं पाणी तोडलं, तर जायचं कुठे? दिवाणी कोर्टात जाता येतं, पण वाट आणि पाण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ आहे. त्याखाली तहसीलदार स्वतः न्यायालय होऊन बसतो. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. कुळाचा प्रश्न निघाला की कूळकायद्याचं कलम ८५ दिवाणी कोर्टाचे हात बांधतं. आणि शेतजमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा दिवाणी न्यायाधीश देतो खरा, पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे प्रत्यक्ष तुकडे पाडायला तो जिल्हाधिकाऱ्याकडे जातो. कज्जा कुठल्या दारात न्यायचा हे कळणं हीच इथली अर्धी वकिली.

तर शेत मोजलं गेलं, खातेदाराचं नाव लागलं, हक्क वारसाने जाणारा आणि विकता येणारा झाला. याचा एक परिणाम सावकाराने सर्वांत आधी ओळखला: आता जमीन तारण घेता येते. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि कर्ज सढळ मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव कोसळले. नेमकी तेव्हाच इंदापूरच्या ३० वर्षांची मुदत भरली आणि फेरआकारणीत सारा एकदम चढला.

१२ मे १८७५, सुप्याचा बाजाराचा दिवस. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामती तालुक्यात आहे. गावोगावचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर हल्ला केला. ही आग पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरली. ९५१ जण पकडले गेले. अचंब्याची बाब ही, की जमावाला हवे होते ते कागद. खतं, रोखे, वह्या, हुकूमनामे. जिथे सावकाराने ते मुकाट्याने दिले, तिथे बहुधा माणसाच्या अंगाला हात लागला नाही. या लोकांना नेमकं ठाऊक होतं की आपल्याला कोण मारतंय: सावकाराच्या हातातला कागद, आणि त्या कागदामागे उभं असलेलं दिवाणी कोर्ट.

ते कसं उभं होतं, ते पाहा. १८५९ च्या मुदत कायद्याने रोख्याचं आयुष्य तीन वर्षांवर आणलं. हेतू ऋणकोचं भलं करण्याचा. झालं असं, की दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई, थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून. शंभराचे दोनशे, दोनशेचे पाचशे. संरक्षणासाठी केलेल्या घड्याळाने चक्रवाढीला ठोके द्यायला सुरुवात केली. १९६३ च्या मुदत कायद्यातही साध्या उसनवारीला तीनच वर्षं आहेत आणि कलम १८ तसंच जागं आहे: मुदत संपण्याआधी ऋणकोने लेखी कबुली देऊन सही केली की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू. हिशोब बरोबर आहे एवढंच लिहून दे, म्हणत कागद पुढे सरकवणारा माणूस अजून तालुक्यात भेटतो. त्या सहीने काय होतं हे पक्षकाराला सही करण्याआधी सांगणारा वकील हवा, नंतर सांगणारे पुष्कळ आहेत.

आणि कागद जाळून काय साधलं असतं? भारतीय पुरावा कायदा तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता, १८७२ चा. त्यात तरतूद होतीच की मूळ दस्त नष्ट झाला असेल तर दुय्यम पुरावा चालेल. रोखा नोंदवलेला असला तर त्याची नक्कल निबंधकाच्या वहीत सुरक्षित होती. सुप्यातला जाळ तिथवर पोचणार नव्हता. शेतकऱ्याच्या बाजूचं एक सूत्रही त्याच कायद्यात होतं: नुसत्या खातेवहीतल्या नोंदीवरून कोणावर देणं बसवता येत नाही, सोबत दुसरा पुरावा लागतो. पण हे सांगणार कोण? समन्स पोचायचं नाही, किंवा पोचलं तरी पन्नास मैल चालत कोर्टात जाणं परवडायचं नाही, आणि एकतर्फी हुकूमनामा व्हायचा. आजच्या दिवाणी प्रक्रिया संहितेतलं आदेश ९, नियम १३, एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याचा मार्ग, मी म्हणूनच सर्वांत मानवी नियमांपैकी एक मानतो. तो नियम वाचताना सुपे आठवावं.

पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे. दुय्यम पुरावा, वहीतली नोंद ही जुनी सूत्रं त्यात क्रमांक बदलून तशीच बसली आहेत. नवं आहे ते मोबाइलमधल्या संदेशांचं. कलम ६३ खाली त्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात हॅश मूल्य नमूद करावं लागतं. संपूर्ण फाइलीवर गणिती प्रक्रिया करून काढलेली अंक-अक्षरांची ती एक ओळ; फाइलीतलं एक टिंब बदललं तरी सगळी ओळ वेगळी येते. हातउसन्याचा व्यवहार व्हॉट्सॲपवर झाला असेल, तर ही ओळ काढायला शिकणं वकिलाला आता टाळता येणार नाही.

दंगलीनंतर आयोग बसला, त्याचा अहवाल विलायतेच्या पार्लमेंटपुढे गेला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम झाला. त्याने एक अजब धाडस केलं. न्यायाधीशाला सांगितलं, कागदावर विसंबू नकोस. कागदाच्या मागे जा. पहिली उचल किती होती, व्याज कसं चढलं, सगळा इतिहास तपास. पुढे त्यात असंही आलं की दस्तावर खरेदी लिहिलेली असली तरी व्यवहार मुळात गहाणाचा होता, हे तोंडी पुराव्याने दाखवता येईल. लेखी दस्ताविरुद्ध तोंडी बोलू नये, या पुरावा कायद्याच्या लाडक्या तत्त्वालाच हा सुरुंग होता. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणं याच कायद्याने बंद केलं. बाकीच्या देशात दिवाणी संहितेतली ऋणकोची अटक १९३६ च्या दुरुस्तीने आवळली गेली, आणि ऐपत नसलेल्या माणसाला केवळ देणं थकलं म्हणून तुरुंगात टाकणं संविधानात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितलं ते १९८० मध्ये.

दख्खनच्या या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून १८८७ मध्ये न्यायमूर्ती रानडे नेमले गेले. कज्जा कोर्टात येण्याआधी तडजोड घडवणारे सलोखेदारही त्यात होते. आणि एक कलम असं होतं की सलोखेदारापुढे, गावमुन्सफापुढे आणि शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकिलाने यायचंच नाही! ज्या कायद्यातून वकिलांनी एवढं शिकावं, त्याने वकिलांना दाराबाहेर ठेवलं होतं. कायदा स्वतः कधीच रद्द झाला, पण महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ वाचा: बेकायदा सावकारीत खरेदी म्हणून लिहून घेतलेली जमीन परत देण्याचा अधिकार तिथे जिल्हा निबंधकाला आहे. कागदाच्या मागे जाण्याचा तोच रस्ता.

१८७९ हे साल मोठं चमत्कारिक आहे. याच वर्षी मुंबईचा जमीन महसूल कायदा झाला, ज्यावरून आजची महसूल संहिता आली, आणि याच वर्षी मुंबईचा पाटबंधारे कायदाही. त्या सुमाराच्या भीषण दुष्काळानंतर नीरा डावा कालवा खोदला गेला आणि १८८५ साली वाहू लागला. जिराईत मुलखात ऊस आला. पाळी, पाटकरी, शेजपाळी हे शब्द आले; आणि टेलचा शेतकरी ही एक कायमची कायदेशीर अवस्थाही आली, कारण कालवा बारामती ओलांडून इंदापुरात येतो तोवर पाणी किती उरतं हा वाद पिढ्यान्पिढ्यांचा आहे.

त्या वादात संविधानाच्या सातव्या अनुसूचीचे किती मजले आहेत बघा. पाणी हा राज्यसूचीतला विषय, म्हणून महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६. पण ती नोंद संघसूचीतल्या आंतरराज्य नद्यांच्या नोंदीच्या अधीन आहे. इंदापूर तालुक्यात नीरा नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते, भीमा पुढे रायचूरकडे कृष्णेला. म्हणजे चारीतलं पाणी हे कृष्णा खोऱ्याचं पाणी, ज्याची वाटणी बच्छावत लवादाने १९७६ मध्ये केली: महाराष्ट्राला ५६० टीएमसी, कर्नाटकाला ७००, आंध्र प्रदेशाला ८००. आणि अनुच्छेद २६२ नुसार असे तंटे न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवता येतात. पाटकऱ्याने फळी टाकली म्हणून भांडणारे दोन शेजारी या सगळ्या इमारतीच्या तळमजल्यावर उभे असतात. उजनी धरणाच्या फुगवट्याखाली गेलेल्या इंदापूरच्या गावांचा भूसंपादनाचा, मोबदल्याचा आणि पुनर्वसनाचा अध्याय तर वेगळाच. पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं. १८९४ चा भूसंपादन कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून नवा आला, पण जुने दावे मंदिरासारखे पुन्हापुन्हा वर येत राहतात.

बारामती आणि अनुसूची हे दोन शब्द एकत्र आले की हल्ली सगळ्यांना दहावीच आठवते, पक्षांतराची. २०२३-२४ मध्ये ती घराघरांत चर्चिली गेली. मला मात्र नववी जास्त भुरळ घालते. कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आव्हानापासून कवच द्यायला १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ती जन्मली, आणि तिच्यातल्या पहिल्या तेरा कायद्यांत दुसऱ्या क्रमांकावर आहे आपला १९४८ चा मुंबईचा कूळकायदा. १ एप्रिल १९५७, कृषक दिन, या दिवशी कसणारा कूळ कायद्याने मालक मानला गेला. आजही तालुक्यात जमिनीचा शोध घेताना कलम ३२-ग ची किंमत ठरली का, ३२-म चं प्रमाणपत्र आहे का, हे पाहिल्याशिवाय कोणी पुढे जात नाही.

मग १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा. वालचंदनगर हे इंदापूर तालुक्यातलं साखरेच्या कारखान्याभोवती उभं राहिलेलं गाव. कारखान्याच्या मळ्यांच्या जमिनी १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. ज्यांनी त्या पूर्वी कारखान्याला खंडाने दिल्या होत्या, ते खंडकरी शेतकरी. जमीन मूळची आपली, कारखान्याकडून काढली तर आपल्याकडे यायला हवी, महामंडळाकडे कशी गेली, हा त्यांचा प्रश्न साधा होता. त्याचं उत्तर मिळायला अर्धं शतक आणि कायद्याच्या दुरुस्त्या लागल्या.

पुढे कमाल मर्यादा आणखी खाली आणण्याचा कायदा झाला: बारमाही बागायत १८ एकर, जिराईत ५४ एकर, अधेमधे २७ आणि ३६. त्याविरुद्ध महाराष्ट्रातले जमीनमालक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यातून वामनराव खटल्याचा निकाल आला, सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांचा, १९८० मध्ये. एकरांवरून सुरू झालेल्या या वादातून देशाच्या घटनेला एक रेघ मिळाली: २४ एप्रिल १९७३, केशवानंद भारती निकालाचा दिवस, यानंतर नवव्या अनुसूचीत टाकलेला कायदा मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येईल. कमाल धारणेचा कायदा मात्र टिकला.

उसाच्या बिलाचं थोडक्यात. कारखाना सहकारी, म्हणजे राज्याचा १९६० चा कायदा. पण ऊस तोडून गेल्यावर १४ दिवसांत पैसे, नाहीतर १५ टक्के व्याज, हे केंद्राच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. राज्याने २०२२ मध्ये एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, दोन टप्प्यांत देण्याची वाट काढली; मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती बंद केली.

शेवटी सातबाऱ्यावरची ती नावं, जी पूर्वी 'इतर हक्क' रकान्यात असायची किंवा कुठेच नसायची. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, देशाच्या अकरा वर्षं आधी. पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राच्या दुरुस्तीने ती लग्नाची अट पुसली. मग वडील त्या दिवशी जिवंत हवेत का, यावर न्यायालयांत पंधरा वर्षं गोंधळ चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा निकालाने सांगितलं, नकोत. हक्क जन्माचा आहे. सुरक्षित राहिली ती मुख्यतः २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली हस्तांतरणं, नोंदणीकृत वाटपं आणि कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटपं. रस्ता रुंद होतो, एमआयडीसी सरकते, गुंठ्याचा भाव चढतो आणि बहिणी वाटपाचा दावा घेऊन येतात. जाणता वकील तेव्हा त्यांना वडिलांच्या मृत्यूची तारीख दुसऱ्यांदा विचारत बसत नाही. वाटप कोणत्या कागदावर झालं, तो कागद कधी नोंदला गेला, आणि तुम्ही हक्कसोडपत्रावर सही केली आहे का, एवढं विचारतो आणि मग वकीलपत्र पुढे करतो.